वापरलेल्या आणि लीजवरून परत आलेल्या गाडीच्या देखभालीचा इतिहास कसा तपासावा

वापरलेली गाडी पाहायला गेलेला नवखा ग्राहक बहुधा रंग, आसने आणि ओडोमीटर एवढेच पाहतो. विक्रेत्याने ‘सर्व्हिसिंग अगदी वेळेवर झालेले आहे’ असे म्हणत शिक्क्यांनी भरलेले सर्व्हिस बुक पुढे केले की त्याचे समाधान होते. परंतु शिक्का मारायला दोन सेकंद पुरतात, आणि त्या शिक्क्याआड गाडीला नेमके काय झाले हे त्यावरून कळत नाही. म्हणून या संपूर्ण तपासणीत एकच सूत्र धरून चालावे: शिक्का हा केवळ दावा आहे, त्या दाव्याला बिलाचा आधार हवा, आणि बिलात लिहिलेले काम प्रत्यक्ष गाडीवर दिसायला हवे. या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळल्या तरच तो इतिहास खरा मानावा.

गाडी पाहण्यापूर्वी: काय व्हायला हवे होते?

काय झाले हे तपासण्याआधी काय व्हायला हवे होते हे माहीत असणे आवश्यक आहे. त्यासाठी त्या मॉडेलचे, त्याच वर्षाचे आणि त्याच इंजिनाचे देखभालीचे वेळापत्रक मिळवावे. ते गाडीसोबतच्या माहितीपुस्तिकेत किंवा वेगळ्या सर्व्हिस पुस्तिकेत असते. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोल आणि डिझेल इंजिनांचे, किंवा मॅन्युअल (हाताने गिअर बदलायच्या) आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे वेळापत्रक वेगळे असू शकते, त्यामुळे ‘या गाडीला दहा हजाराला ऑइल बदलतात’ अशा ऐकीव माहितीवर विसंबू नये.

वेळापत्रकात प्रत्येक कामापुढे दोन मर्यादा असतात, किलोमीटरची आणि काळाची. त्यांपैकी जी आधी येईल ती लागू होते. नवखे लोक इथेच चुकतात. वर्षाला चार हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचेही इंजिन ऑइल वर्षातून एकदा बदलावेच लागते, कारण लहान लहान फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही आणि न जळलेले इंधन व पाण्याचा अंश ऑइलमध्ये साचत राहतो. बहुतेक आधुनिक गाड्यांत इंजिन ऑइलची मुदत १०,००० ते १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष असते. काही युरोपीय उत्पादक विशिष्ट ऑइल वापरल्यास ती ३०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षांपर्यंत वाढवतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून ते सर्वसाधारणपणे दर दोन वर्षांनी बदलायचे असते. डीओटी ४ प्रकारच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि ठरावीक प्रमाणात ओलावा शोषल्यावर त्याची किमान मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. लांब उतारावर ब्रेक तापतात तेव्हा हा फरक जाणवतो. टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा) असलेल्या इंजिनात त्याची मुदत इंजिनानुसार फार बदलते, म्हणून ती अचूक शोधून लिहून ठेवावी. पट्ट्याऐवजी चेन असलेल्या इंजिनात अशी ठरलेली मुदत बहुधा नसते, मात्र ऑइल बदलण्यात हयगय झाली तर चेनही लवकर झिजते.

बऱ्याच पुस्तिकांत ‘खडतर वापरासाठी’ असे दुसरे, अधिक कडक वेळापत्रकही दिलेले असते. धुळीचे रस्ते, सततच्या आखूड फेऱ्या, तासन्‌तास कोंडीत उभे राहणे किंवा ट्रेलर ओढणे असा वापर झाला असेल, तर गाडीला हे दुसरे वेळापत्रक लावायला हवे होते.

कागद: शिक्का, बिल आणि डिजिटल नोंद

सर्व्हिस बुक चाळताना शिक्क्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्या वयाकडे लक्ष द्यावे. चार वर्षांत चार वेळा भरलेल्या पानांवर शाई, हस्ताक्षर आणि शिक्क्याचा दाब यांत थोडाफार फरक पडतोच. सगळे शिक्के एकाच बैठकीत मारल्यासारखे दिसले, सह्या एकाच पेनाने केलेल्या असल्या आणि पुस्तिकेची घडीही मोडलेली नसली, तर संशय घेणे योग्य ठरते. अनेक उत्पादकांनी कागदी पुस्तिका बंद करून नोंदी स्वतःच्या प्रणालीत ठेवायला सुरुवात केली आहे. अशा गाडीच्या अधिकृत सर्व्हिस केंद्राच्या प्रणालीत १७ अक्षरांच्या चॅसिस क्रमांकावरून संपूर्ण यादी निघू शकते, आणि तिची छापील प्रत मागणे हे संकोच वाटण्यासारखे मुळीच नाही. आपण कोणीतरी परके आहोत म्हणून केंद्र माहिती देत नसेल, तर मालकानेच आपल्यासमोर ती मागवावी. त्याला टाळाटाळ करायची असेल तर तेही कळून येते.

खरी किंमत बिलांची असते. प्रत्येक बिलावर तारीख, ओडोमीटरचा आकडा, चॅसिस क्रमांक, बदललेल्या भागांची नावे, ऑइलचा दर्जा आणि प्रमाण एवढ्या गोष्टी पाहाव्यात. चॅसिस क्रमांक समोरच्या गाडीवरच्या क्रमांकाशी अक्षर न्‌ अक्षर जुळवावा. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच नसतात, ती दिसली तर कोणीतरी बेफिकिरीने लिहिले आहे असे समजावे.

ऑइलच्या प्रमाणाबद्दल एक स्वतःचा अनुभव सांगतो. मी एकदा एका टर्बो पेट्रोल गाडीची फाइल पाहत होतो. फाइल देखणी होती, प्लॅस्टिकच्या पाकिटांत क्रमाने लावलेली पाच बिले होती. तिसऱ्या बिलावर ‘सर्व्हिसिंग’ असे शीर्षक होते, पण खाली ऑइल दीड लिटर लिहिलेले होते आणि ऑइल फिल्टरचा उल्लेखच नव्हता. त्या इंजिनात चार लिटरांहून अधिक ऑइल मावते. याचा अर्थ त्या दिवशी ऑइल बदललेच नव्हते, फक्त कमी झालेले भरून दिले होते, आणि दीड लिटर भरावे लागले याचाच दुसरा अर्थ असा की इंजिन ऑइल खात होते किंवा कुठून तरी गळत होते. सर्व्हिस बुकात त्याच तारखेला ठसठशीत शिक्का होता. विक्रेता खोटे बोलत होता असेही मला वाटत नाही. त्याने बिल कधी वाचलेच नसावे.

कालरेषा आखणे

आता एक कोरा कागद घ्यावा आणि सगळ्या बिलांवरून, टायर बदलल्याच्या पावत्यांवरून, तपासणीच्या दाखल्यांवरून मिळालेली प्रत्येक तारीख आणि तिच्यापुढचा किलोमीटरचा आकडा क्रमाने लिहून काढावा. दहा मिनिटांचे हे काम तासभराच्या चर्चेपेक्षा अधिक सांगून जाते.

उदाहरणादाखल एक गाडी घेऊ. वय चार वर्षे, रनिंग ८४,००० किलोमीटर, ऑइलची मुदत १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष. सर्व्हिसिंगच्या नोंदी अशा: ११व्या महिन्यात १४,२००, २३व्या महिन्यात ३०,८००, ३३व्या महिन्यात ४६,५००, ४५व्या महिन्यात ७९,०००. वर्षाला एक शिक्का, एकही वर्ष चुकलेले नाही, आणि विक्रेता अभिमानाने तेच सांगेल. मात्र आकड्यांची वजाबाकी करून पाहावी. पहिल्या तीन टप्प्यांत गाडी महिन्याला साधारण १,३०० ते १,६०० किलोमीटर चालली आहे. तिसऱ्या आणि चौथ्या सर्व्हिसिंगच्या मध्ये मात्र बारा महिन्यांत ३२,५०० किलोमीटर झाले, म्हणजे महिन्याला २,७०० च्या आसपास, आणि तेवढा काळ इंजिन एकाच ऑइलवर चालले. काळाची मर्यादा पाळली गेली, किलोमीटरची दुपटीहून अधिक ओलांडली गेली. दुसऱ्या टप्प्यात १,६०० किलोमीटरचा जो उशीर झाला त्याची चिंता करू नये. चौथ्याची करावी, आणि त्या वर्षी गाडी कोण चालवत होते हे विचारावे.

याच कागदावर उलटी खूणही सापडते. आकडा एखाद्या ठिकाणी मागे गेला, उदाहरणार्थ टायरच्या पावतीवर ५२,००० आणि त्यानंतरच्या सर्व्हिसिंगला ४९,०००, तर एक तर लिहिताना चूक झाली आहे किंवा मीटर मागे घेतलेला आहे. चढता वेग अचानक मंदावला, म्हणजे दोन वर्षे महिन्याला अडीच हजार चालणारी गाडी नंतर तीनशेवर आली, तर त्याला नोकरी बदलण्यासारखे साधे कारण असू शकते. परंतु ते कारण विक्रेत्याने न अडखळता सांगता यायला हवे.

लीजवरून परत आलेली गाडी

लीजच्या, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकरारावर वापरलेल्या गाडीत एक गोष्ट मुळातच वेगळी असते: चालवणारा मालक नसतो, आणि पुष्कळदा देखभालीचा खर्चही तो देत नसतो. याचे चांगले आणि वाईट असे दोन्ही परिणाम होतात, म्हणून ‘लीजची गाडी घेऊच नये’ किंवा ‘कंपनीची गाडी म्हणजे बिनघोर’ ही दोन्ही मते मला अर्धवट वाटतात.

सर्वप्रथम लीज कोणत्या प्रकारची होती हे विचारावे. देखभालीसह असलेल्या करारात सर्व्हिसिंगचे पैसे लीज कंपनी भरते, त्यामुळे पैसे वाचवण्यासाठी काम टाळण्याचे कारण चालकाला उरत नाही. त्याला फक्त गाडी गॅरेजमध्ये नेण्याचा कंटाळा येऊ शकतो. देखभालीविना असलेल्या करारात मात्र खर्च चालकाच्या खिशातून जातो आणि गाडी तीन वर्षांनी परत द्यायची हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. तिसरा प्रकार अल्पकाळ भाड्याने दिलेल्या गाड्यांचा. त्यांची सर्व्हिसिंग नियमित असू शकते, परंतु थंड इंजिनावर जोर देणारे, क्लचवर पाय ठेवून चालवणारे असे शेकडो हात तिच्यावरून गेलेले असतात, आणि ते कोणत्याही बिलात दिसत नाही.

लीजच्या गाडीच्या डॅशबोर्डमधल्या कप्प्यात (ग्लव्ह बॉक्समध्ये) बिले सापडली नाहीत म्हणून लगेच निराश होऊ नये. बिले लीज कंपनीच्या नावाने निघतात आणि तिच्याकडेच जातात. गॅरेजला प्रत्येक मोठ्या कामाआधी लीज कंपनीची मंजुरी घ्यावी लागण्याची पद्धतही सर्रास आहे, त्यामुळे तारीख, किलोमीटर, काम आणि रक्कम यांची नोंद त्या कंपनीकडे बहुधा असते. विक्रेत्याकडून हीच यादी मागावी. खासगी मालकाच्या फाइलपेक्षा ती मला अधिक विश्वासार्ह वाटते, कारण ती ग्राहकाला दाखवण्यासाठी नव्हे तर पैशांचा हिशेब ठेवण्यासाठी तयार झालेली असते. याच्या जोडीला परतीच्या वेळचा तपासणी अहवालही मागावा. त्यात ओरखडे, टायरची खोली, काचेचे तडे यांबरोबर परतीच्या दिवशीचे किलोमीटरही लिहिलेले असतात, आणि तो आकडा कालरेषेवर नेऊन बसवता येतो.

करारात वार्षिक किलोमीटरची मर्यादा असते आणि ती ओलांडल्यास दर किलोमीटरमागे जादा पैसे भरावे लागतात. म्हणजे मीटर मागे घेण्याचा मोह इथे विक्रेत्याच्याही आधी चालकाला होऊ शकतो. परतीच्या आधीच्या सहा-आठ महिन्यांतील आकडे म्हणूनच बारकाईने पाहावेत. त्याच काळात आणखी एक गोष्ट घडते: शेवटची सर्व्हिसिंग राहून जाते. करार संपायला दोन महिने उरले असताना डॅशबोर्डवर सर्व्हिसिंगची सूचना आली, तर चालक ती पुढच्या माणसासाठी ठेवतो, टायर कायद्याच्या मर्यादेपर्यंत घासू देतो आणि ब्रेक पॅड ‘अजून चालतील’ म्हणून सोडून देतो.

याहून मोठी बाब वेळापत्रकाच्या रचनेत दडलेली असते. तीन-चार वर्षांच्या करारात पहिल्या मालकाच्या वाट्याला स्वस्त कामे येतात, म्हणजे ऑइल, फिल्टर, ब्रेक ऑइल. आणि स्पार्क प्लग, गिअरबॉक्स ऑइल, टायमिंग बेल्ट अशी महाग कामे नेमकी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या पट्ट्यात, म्हणजे दुसऱ्या मालकाच्या वाट्याला येतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या बाबतीत तर ‘ऑइल आयुष्यभराचे आहे’ असे सांगितले जाते. पण झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनीच आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलण्याचा सल्ला देते. त्यामुळे लीजच्या गाडीचा इतिहास कितीही स्वच्छ असला तरी ‘पुढच्या २०,००० किलोमीटरमध्ये काय येणार आहे’ याची यादी काढून तिचा खर्च किमतीत धरावा.

आता गाडीकडे वळावे

कागदावरचे आकडे गाडीवर पडताळण्यासाठी फार साधने लागत नाहीत. टायरच्या कडेवर डीओटी या खुणेनंतर शेवटी चार अंक असतात. २३१९ म्हणजे तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. २०२० साली विकल्या गेलेल्या आणि केवळ ३०,००० किलोमीटर चाललेल्या म्हणून सांगितलेल्या गाडीचे चारही टायर २०२२ मधले असतील, तर मूळचे टायर इतक्या लवकर का गेले हा प्रश्न विचारावा. उत्तर साधेही असेल, परंतु त्याची पावती पाहावी.

इंजिन थंड असताना ऑइल भरण्याचे झाकण उघडून आतल्या बाजूला टॉर्च मारावा. तांबूस, पातळ थर चालतो. काळा, डांबरासारखा चिकट लेप दिसला तर ऑइल बदलण्याच्या तारखा खोट्या आहेत किंवा मुदत फार ताणलेली आहे. झाकणाखालचा पिवळट-पांढरा फेस बहुतेक वेळा आखूड फेऱ्यांमुळे साचलेल्या ओलाव्याचा असतो, पण कूलंटची पातळीही घटत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधले सील) तपासून घ्यावे. टायमिंग बेल्ट बदलल्यावर चांगला मेकॅनिक तारीख आणि किलोमीटर लिहिलेले स्टिकर इंजिनाजवळ चिकटवतो, ते शोधावे.

ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकातील नोंदी वाचण्यासाठीच्या जोडणीला) लावायचा साधा स्कॅनर या कामी फार उपयोगी पडतो. दोषांचे कोड नाहीत एवढ्यावर थांबू नये, कारण ते आदल्या दिवशी पुसता येतात. ‘कोड पुसल्यापासूनचे अंतर’ ही नोंद अनेक गाड्या दाखवतात. ती १२ किलोमीटर असेल आणि उत्सर्जनाच्या स्वयंचाचण्या (धूर नियंत्रणाच्या यंत्रणेची गाडी स्वतःच करते ती तपासणी) ‘अपूर्ण’ दिसत असतील, तर कोणीतरी नुकतेच काहीतरी पुसले आहे किंवा बॅटरी काढली होती. शिवाय काही गाड्यांत एबीएस (ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा) किंवा गिअरबॉक्सच्या नियंत्रकातही किलोमीटर नोंदलेले असतात, आणि मीटर मागे घेणारा ते सगळे बदलतोच असे नाही. हे वाचायला त्या उत्पादकाचा सखोल स्कॅनर असलेला मेकॅनिक लागतो.

इंजिन किती तास चालले हा आकडा मिळाला तर तोही घ्यावा. ९०,००० किलोमीटर १,५०० तासांत झाले असतील तर सरासरी वेग ताशी ६० येतो, म्हणजे गाडी महामार्गावर वाढलेली आहे. तेच ४,५०० तासांत झाले असतील तर ताशी २० येतो, आणि इंजिन, क्लच, गिअरबॉक्स यांनी तिप्पट काळ काम केलेले आहे. डिझेल गाडीत तर या दुसऱ्या वापराने काजळी पकडणारा फिल्टर तुंबण्याची भीती असते, कारण साचलेली काजळी जाळून टाकण्याइतकी उष्णता त्याला आखूड फेऱ्यांत मिळत नाही.

उणिवा सापडल्या तर

निर्दोष इतिहास क्वचितच मिळतो, त्यामुळे कोणती उणीव पोटात घालावी हे ठरवावे लागते. केबिन फिल्टर, वायपर, एखादे चुकलेले ब्रेक ऑइल यांवरून सौदा मोडू नये; ती कामे एका दिवसात भरून निघतात. टर्बो इंजिनात दोनदा लांबलेले ऑइल मात्र भरून निघत नाही, कारण झीज आत होऊन गेलेली असते. टायमिंग बेल्टबद्दल तर नियम सरळ ठेवावा: बिल नाही तर काम झालेले नाही असे धरावे. अनेक इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि दुरुस्तीचा खर्च बेल्टच्या कितीतरी पटींनी होतो. अधिकृत केंद्राऐवजी बाहेरच्या गॅरेजात काम झाले असेल तर त्याला मी दोष मानत नाही, फक्त बिलावर भागांची नावे आणि ऑइलचा योग्य दर्जा लिहिलेला असावा. वॉरंटी अजून चालू असेल तर तिच्या अटी तेवढ्या वाचून घ्याव्यात. त्याच वेळी चॅसिस क्रमांकावरून उत्पादकाकडे एखादी रिकॉल दुरुस्ती (उत्पादकाने स्वतःच्या दोषासाठी गाड्या परत बोलावून करायची दुरुस्ती) बाकी आहे का हेही पाहावे. ती विनामूल्य होते.

पुष्कळ विक्रेते शेवटी ‘गाडी देताना सर्व्हिसिंग करूनच देतो’ असे म्हणतात. ते मान्य करताना कोणती कामे होणार याची यादी करारातच लिहून घ्यावी, ऑइलचा दर्जा आणि लिटर नमूद करावेत, आणि उरलेली रक्कम देण्यापूर्वी चॅसिस क्रमांक व किलोमीटर लिहिलेले त्या कामाचे बिल हातात घ्यावे. शक्य असेल तर काढलेला जुना ऑइल फिल्टरही पाहायला मागावा. त्यावर छापलेला उत्पादनाचा महिना शेवटच्या नोंदवलेल्या सर्व्हिसिंगच्या नंतरचा निघाला, किंवा त्याच्या दोन वर्षे आधीचा निघाला, तर कालरेषेचा कागद पुन्हा एकदा उघडावा.